कराड-चिपळूण रस्ता: कोयनेच्या काठाने वर, कोयनेच्याच पाण्यासोबत खाली

कोयनाकाठ (धागाकर्ता)

कागदोपत्री हा गुहागर-विजापूर रस्ता. वर्षानुवर्षं राज्यमार्ग ७८ होता, आता राष्ट्रीय महामार्ग १६६ ई झाला आहे. कराडात मात्र 'गुहागर-विजापूर' असं विचारलंत तर समोरचा आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. तिथे तो पाटण रोड. गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, हेळवाक, पाटण, कराड, कडेगाव, विटा, खानापूर, भिवघाट, नागज, जत आणि मग विजापूर अशी त्याची पूर्ण धाव आहे. समुद्रापासून थेट दख्खनच्या कोरड्या पठारापर्यंत. इथे मी मुख्यतः कराड ते चिपळूण या टप्प्याबद्दल लिहितोय, साधारण शंभर किलोमीटर.

वारुंजी फाट्याला पुणे-बंगळूर महामार्ग सोडला की सुपने, साकुर्डी करत आपण कोयनेच्या खोऱ्यात शिरतो. नदी बहुतेक डाव्या हाताला. ती पुढून येते, आपण तिच्या उलट दिशेने चढत जातो. चढ जाणवत नाही इतका हलका. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच नदीपर्यंत उतरणारी मळीची रानं. निसरे फाटा, विहे, मल्हारपेठ. मल्हारपेठेतून उंब्रज-मायणीकडून पंढरपूरला जाणारा रस्ता फुटतो, त्यामुळे हे गाव आकारापेक्षा जास्त गजबजलेलं. मग पाटण. उत्तरेकडून आलेली केरा नदी इथे कोयनेला मिळते आणि त्या कोपऱ्यातच गाव वसलंय. वर बघितलं की दातेगड, आणि त्याच्याही मागे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या.

पाटण सोडलं की खोरं आवळत जातं. ऊस कमी होतो, भात दिसायला लागतो, घरांची छपरं जास्त उतरती होतात. हेळवाकला पोचलात की या सगळ्या भूगोलाची मख्खी कळते. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि तिथून सरळ दक्षिणेला, सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर वाहत येते. हेळवाकला मात्र ती काटकोनात वळते आणि पूर्वेला कराडकडे निघते. या वळणापासून पश्चिमेला सह्याद्रीची धार अगदी जवळ आहे. म्हणजे कराडहून आलेल्या माणसाला नदीने आपणहून घाटाच्या तोंडाशी आणून सोडलेलं असतं. कोकणात उतरायला कराडच्या बाजूने मोठी चढण चढावीच लागत नाही, सगळी उंची नदीच्या काठाने फुकटात मिळते. कुंभार्लीचा रस्ता तिथेच का झाला, याचं उत्तर हेळवाकच्या त्या वळणात आहे असं मला वाटतं.

आता खरी गंमत. हेळवाकपाशीच कोयना धरण आहे. १०३ मीटर उंच, १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं). एरवी नदी अडवली की पाणी खालच्या गावांना जातं. इथे बराच मोठा हिस्सा डोंगर पोखरून उलट दिशेला, पश्चिमेला नेलाय. नवजाच्या बाजूने बोगद्यात शिरलेलं पाणी सुमारे ४७५ मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडतं, तिथून कोळकेवाडी धरणात, तिथून पुन्हा अलोऱ्याच्या वीजगृहात, आणि शेवटी कालव्याने वाशिष्ठी नदीत. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून १९६० मेगावॅट. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेला न्यायची मुभा दिली.

आपण घाट उतरत असतो तेव्हा डोंगराच्या पोटातून तेच पाणी खाली जात असतं. पोफळी, शिरगाव, अलोरे, खडपोली, पिंपळी, खेर्डी, बहादूरशेख नाका: उतरणीची ही सगळी गावं वाशिष्ठीच्या काठाने आहेत, पण मे महिन्यात त्या वाशिष्ठीत वाहतं ते कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी. रस्ता पाणलोट ओलांडतो, सह्याद्रीची धार ओलांडतो, पण नदी काही त्याची पाठ सोडत नाही. मला तरी असा दुसरा रस्ता माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

घाटाबद्दल, भूकंपाबद्दल, जुन्या वाहतुकीबद्दल जाणकारांनी भर घालावी म्हणून हा धागा.

---

गोवळकोट

छान लिहिलंय, पण नदीला फारच श्रेय दिलंत. नदी तिथे लाखो वर्षं वळतेय. रस्ता झाला तो चिपळूण बंदरामुळे.

पूर्वी दाभोळच्या खाडीतून भरतीबरोबर गलबतं वाशिष्ठीत शिरायची ती थेट गोवळकोटपर्यंत. घाटावरचा माल मुंबईला न्यायचा तर कराडहून बैलगाडीने चिपळूण आणि पुढे पाण्याने, हाच सोयीचा मार्ग. कापूस, गूळ, मिरची, धान्य खाली यायचं. मीठ, नारळ, सुकी मासळी, आमसुलं, कापड वर जायचं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कुंभार्लीत गाडीरस्ता केला तो या व्यापारासाठी. त्याआधीही लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर ओझी लादून इथूनच जात. पुढे त्या शतकाच्या शेवटी पुणे-मिरज रेल्वे कराडवरून गेली आणि घाटावरच्या मालाला मुंबईचा दुसरा रस्ता मिळाला. चिपळूणच्या बंदराची रया गेली ती तेव्हापासून. गाळही साचत गेला, पण मुख्य घाव रेल्वेचा.

तेव्हा नदीने वाट दाखवली असेल, पण गाडीवानाला पोट होतं म्हणून रस्ता झाला.

---

कोयनाकाठ

@गोवळकोट, बंदराचा मुद्दा मान्यच. पण बंदर चिपळूणलाच का आणि त्याची पाठची बाजारपेठ कराडच का? मधे आणखी घाटवाटा आहेतच की. उत्तरेला तिवरा आहे, दक्षिणेला मळा घाट आहे. त्या पायवाटाच राहिल्या. गाडीरस्ता तिथेच झाला जिथे वरच्या अंगाला पन्नास-साठ किलोमीटर सपाट नदीकाठ आयता होता. बैलाला चढ नको असतो हो.

---

पाटणची पोर

दोघंही भांडा, मी मधे भूकंप घालते.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आमच्या घरात ही वेळ पाठ आहे, आईचा जन्म त्याच्या आधीचा. तीव्रता ६.३ ते ६.५ अशी वेगवेगळी सांगतात. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरची वसाहत जवळजवळ भुईसपाट झाली. दगडमातीच्या भिंतींची घरं झोपेतल्या माणसांवर पडली. धरणाच्या वरच्या अंगाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. नंतर त्याला मागून टेकू देऊन बळकट केलं.

आई सांगते, कितीतरी महिने माणसं घरात झोपतच नव्हती. खळ्यात, रानात, गोठ्याबाहेर. बाहेरून जी काही मदत आली, पत्रे, घोंगड्या, धान्य, ती याच रस्त्याने. एका बाजूने कराडहून, दुसऱ्या बाजूने चिपळूणहून. आमच्याकडे अजूनही नवीन घर बांधताना म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारतात तो भिंतीच्या जाडीचा नाही, वजनाचा.

धरणातल्या पाण्याच्या भाराने भूकंप होतात का, यावर तेव्हापासून जगभरातून लोक इथे अभ्यासाला येतात. अजूनही बारीक धक्के बसतातच. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि गोठण्याला त्यांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, खडकाच्या आत काय चालतं ते बघायला. पाटण तालुक्यातल्या पोरांना 'बोअर मारला' म्हटलं की पाणी लागलं का विचारायची सवय, त्यामुळे सुरुवातीला तिथे बरीच करमणूक झाली.

---

जुनाट लालपरी

पाटणची पोर यांच्या प्रतिसादाला +१.

रस्त्याचा विषय निघालाय तर धरणाचं बांधकाम विसरू नका. पन्नाशीच्या दशकात काम सुरू झालं तेव्हा यंत्रं, सिमेंट, लोखंड सगळं कराडच्या रेल्वे स्टेशनवर उतरायचं. स्टेशन गावापासून लांब, ओगलेवाडीला. हो, तेच ओगलेवाडी, प्रभाकर कंदिलाच्या काच कारखान्याचं. तिथून कोयनेपर्यंत ट्रकांची रीघ. बैलगाडीच्या रस्त्याला खरं रूप आलं ते या अवजड वाहतुकीमुळे. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये सुरू झाली, म्हणजे जेमतेम पाच वर्षांत भूकंप आला.

आणि वीजगृहाची वसाहत खाली अलोऱ्याला झाल्यावर घाटातली एसटी कायम भरलेली. वरच्या धरणावर नोकरी, खाली बिऱ्हाड, पोरगं कराडच्या कॉलेजात. घाटमाथ्यावर गाडी थांबायची, कंडक्टर चहाला उतरायचा, आणि धुक्यात गाडीचा नंबर दिसायचा नाही म्हणून लोक चुकीच्या गाडीत बसायचे.

---

विटेकर

नेहमीप्रमाणे कराडच्या पुढचा भाग गायब! आम्ही काय गुहागर-विजापूरच्या बाहेर आहोत का?

कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत, विट्याचे गलाई व्यावसायिक जे अख्ख्या भारतात सोनं-चांदी गाळतात, हे सगळं याच रस्त्यावर. पण धागाकर्त्याचा मुद्दा मी आणखी पुढे नेतो. कोयनेचं पाणी नुसतं पश्चिमेलाच नाही, पूर्वेलाही या रस्त्याची पाठ सोडत नाही.

कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात आणि एकत्र पूर्वेला निघतात. तिथून थोडं खाली टेंभूला (आगरकरांचं जन्मगाव) बंधारा आहे. त्या बंधाऱ्यातलं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, पुढे कवठेमहांकाळ, सांगोल्याकडे नेलंय. उन्हाळ्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना चालवायच्या असल्या की पहिली हाक कोयनेला. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून २१०० क्युसेक सोडलं की आमच्याकडे माणसं हिशोब करत बसतात, आपल्या चारीला कधी पोचणार. जतला पाणी येतं ते म्हैसाळचं, तेही कृष्णेचंच, म्हणजे त्यातही कोयना आलीच.

आमच्या आजोबांनी या भागात माणसं फक्त बाहेर जाताना बघितली. पाऊस नाही, पाणी नाही, म्हणून मुंबई, म्हणून गलाई. आता भिवघाट उतरताना दोन्ही बाजूंना द्राक्षं, डाळिंब दिसतात. नवजाला पडलेला पाऊस नागजच्या बागेत. बसा आता 'दुसरा असा रस्ता' शोधत.

---

कोयनाकाठ

@विटेकर, मूळ लेखापेक्षा प्रतिसाद भारी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण आमची पाठ कायम पूर्वेला असते.

---

खडपोली

सगळ्यांना पाणी गोड लागतंय, म्हणून चिपळूणकराने तोंड उघडायला हवं.

२२ जुलै २०२१. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भराव वाहून गेला, मुंबई-गोवा महामार्ग तुटला. त्याच पावसात वर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून घरंच्या घरं गाडली गेली. घाटाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी मरण. कोळकेवाडीतून किती पाणी सोडलं, केव्हा सोडलं, भरतीची वेळ होती की नव्हती, यावर आमच्याकडे अजून चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. २००५ च्या जुलैलाही शहर बुडालं होतंच. वाशिष्ठीचं पात्र गाळाने भरलंय हे सगळे मान्य करतात. वीजगृहं चालू असली की नदीत आधीच जादा पाणी असतं, हेही खरं. त्यावर दोन दिवस धो धो पाऊस आणि खाली समुद्राची भरती. मग शहराने जायचं कुठे?

दुसरी बाजूही सांगतो. हे अवजल नसतं तर आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि गावांना उन्हाळ्यात पाण्याची बोंब असती. शिवाय इतकं गोडं पाणी वाशिष्ठीतून खाडीला जातं आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर मार्चपासून टँकर. अवजल मुंबईला न्यायच्या गोष्टी निघाल्या की म्हणूनच लोक पेटतात. आधी आमच्या वाडीला द्या की!

---

पाटणची पोर

@खडपोली, मिरगावचं लिहिलंत, बरं केलंत. बातम्यांत चिपळूण दिसत होतं, आमच्याकडे रस्ताच तुटल्यामुळे कॅमेरा पोचायलाच वेळ लागला.

---

बामणोली लाँच

एक भाग सगळ्यांच्या बोलण्यातून सुटतोय. हेळवाकच्या उत्तरेचं कोयना खोरं.

धागाकर्ता म्हणतो तसं नदी महाबळेश्वरकडून दक्षिणेला येते. त्या सगळ्या लांबीत काठाने गावं होती, भाताची खाचरं होती, हेळवाकपासून बामणोली-तापोळ्याकडे चालत जायच्या वाटा होत्या. धरणाचा जलाशय, शिवाजीसागर भरला आणि ते सगळं पाण्याखाली गेलं. उरलेली माणसं वर डोंगरउतारावर सरकली किंवा सातारा, सांगली, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत पुनर्वसनाला पाठवली गेली. त्यांच्या जमिनींचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. श्रमिक मुक्ती दलाची, डॉ. भारत पाटणकरांची कोयनानगरला झालेली आंदोलनं वर्तमानपत्रात वाचली असतीलच. धरण १९६० च्या दशकातलं, आणि नातवंडं अजून सातबारा मागतात.

पुढे १९८५ मध्ये अभयारण्य, नंतर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. म्हणजे आधी पाण्याने उठवलं, मग जंगलाने. आता त्या बाजूला रस्ता म्हणजे लाँच. वासोट्याला जाणारे ट्रेकर बामणोलीहून होडीत बसून 'काय सुंदर' म्हणतात. आहेच सुंदर. पण नदीकाठच्या रस्त्याचा इतिहास लिहिताना बुडालेल्या अर्ध्या काठालाही एखादा परिच्छेद द्या.

---

कोयनाकाठ

@बामणोली लाँच, देतो. खरं तर तुमचा प्रतिसादच तो परिच्छेद आहे. मूळ लेखात फक्त चालू रस्ता धरला होता. नदीच्या काटकोनाच्या दोन बाजू, त्यातली एकच आज रस्त्यावरून दिसते, हे मी याआधी असं मांडून बघितलं नव्हतं. हेळवाकपासून वर नदी आहे आणि रस्ता नाही, पोफळीपासून खाली रस्ता आहे आणि तिथली मूळ नदी दुसरीच.

---

गोवळकोट

म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. रस्ता कुठे राहावा आणि कुठे बुडावा हे माणसाने ठरवलं. नदीने नाही.

---

सायडिंगला गाडी

इतिहास वाचला, भूगोल वाचला, आता कामाचं सांगा. येत्या जुलैत कराडहून चिपळूणला चारचाकीने जायचंय, सोबत आईबाबा. रस्ता कसा आहे? आणि खायला काय?

---

जुनाट लालपरी

@सायडिंगला गाडी, कराड ते पाटण बरा. पाटणच्या पुढे काँक्रीटचं काम वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांत चाललंय: एक पट्टा गुळगुळीत, लगेच पुढे खड्डे, मग एका बाजूने वळवलेली वाहतूक. ठेकेदार बदलतात, फलक तेच राहतात. रात्री जाऊ नका, डायव्हर्जनच्या खुणा पावसात दिसत नाहीत.

घाटमाथ्यावर कांदाभजी आणि चहा. आईबाबांना तिथे उतरवा, पण धुकं असेल तर गाडी रस्त्यापासून पूर्ण आत घ्या, मालट्रक अंगावर येतात. खाली उतरताना सोनपात्रा देवीचं देऊळ लागतं, बहुतेक ड्रायव्हर तिथे हात जोडून पुढे जातात. वेळ असेल तर कोयनानगरवरून नवजाचा ओझर्डे धबधबा. काही वर्षी नवजाचा पाऊस महाबळेश्वरलाही मागे टाकतो, तेव्हा छत्रीच्या भरवशावर राहू नका.

---

खडपोली

जुलैत निघायच्या आधी सकाळी घाट चालू आहे का ते विचारून घ्या. दरड आली की कधी तासाभरात एक बाजू मोकळी होते, कधी दोन दिवस लागतात. अवजड वाहनं बंद करतात पण गाड्या सोडतात असंही होतं. पूर्ण बंद असेल तर कोल्हापूरकडून आंबा घाटाने साखरप्याला उतरून संगमेश्वरमार्गे या. लांब पडतं, पण अडकण्यापेक्षा बरं.

---

विटेकर

आणि ते कराड-चिपळूण रेल्वेचं काय झालं? आमच्या लहानपणापासून ऐकतोय.

---

जुनाट लालपरी

@विटेकर, मंजुरीची बातमी येते, करार होतात, सर्वेक्षणाच्या खुणा रोवतात, त्या खुणांवर गवत वाढतं. पुन्हा बातमी येते. रेल्वेलाही घाटातून जायचं तर बोगदेच बोगदे आणि खर्च अफाट. माल कुठला नेणार, किती नेणार, याचा हिशोब बसत नाही असं म्हणतात. कोकणातली मासळी आणि हापूस, घाटावरची भाजी आणि दूध, हे सध्या टेम्पोत चाललंय आणि पहाटे पोचतंय.

---

गोवळकोट

१८८० च्या दशकात रेल्वे कराडला आली आणि आमचं बंदर बसलं. आता तीच रेल्वे चिपळूणला आली तर कुणाचं काय बसेल, याचाही आधी विचार करा म्हणतो मी. टेम्पोवाल्यांना विचारलंय का कुणी?

---

सायडिंगला गाडी

धन्यवाद सगळ्यांना. @जुनाट लालपरी, कांदाभजी कुठल्या बाजूला, माथ्याच्या अलीकडे की पलीकडे?

---

जुनाट लालपरी

अलीकडे. कराडहून येताना डाव्या हाताला टपऱ्या दिसतील. ज्या टपरीसमोर एसटी थांबलेली असेल तिथे जा.